चॉकची विहीर

मे महिन्यात दुपारी साडेतीनला इंदुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, तसं पूल पार्लरमध्येही कोणी नसतं. पायऱ्या उतरून तळघरात गेलं की एसीची घरघर, चार टेबलांपैकी एकावरचाच दिवा चालू, आणि टेबलाच्या लाकडी काठावर कोणीतरी ठेवून गेलेला निळा चॉक, स्टिकचं टोक बॉलवरून घसरू नये म्हणून त्याला घासतात तो. त्या चॉकच्या मधोमध विहीर.

दुसरा शब्द नाही त्याला. काठ शाबूत, मध्ये गोल, गुळगुळीत, खोल खड्डा. अजून दोन-चार फ्रेम, म्हणजे डाव, झाल्या की तळाचा कागद लागणार. मुळात तो ठोकळाच जेमतेम पाऊण इंचाच्या वर. खणणाऱ्याची पद्धत न बघता कळते: डाव्या मुठीत चॉक, उजव्या हातात स्टिक, टिप, म्हणजे स्टिकच्या टोकावरची चामड्याची टिकली, खड्ड्यात घालायची आणि ताक घुसळावं तशी स्टिक गरागरा फिरवायची. त्यातून चींऽ असा जो आवाज निघतो त्याने माझ्या दाढा आंबतात. घुसळणारा मात्र खूश असतो. भरपूर चॉक लागला म्हणे!

लागतो खरा, पण नको तिथे. विहिरीचा तळ टिपेच्या डोक्यावर चॉकचा थर दाबून बसवतो आणि विहिरीच्या भिंती टिपेखालच्या पितळी टोपणाला, फेरूलला, घासत राहतात. फेरूलला निळं कडं चढतं, आणि टिपेची कड नशिबावर राहते. गरज असते ती नेमकी कडेलाच. बॉलच्या बरोबर मध्यावर मारायचं तर चॉक नसला तरी चालून जातं. साइड, म्हणजे बॉलला आडवी फिरकी, द्यायची असेल, बॉल मागे खेचायचा असेल, तेव्हा टिप मध्यापासून सरकते आणि तिची कड बॉलला लागते. या सरकण्याला हद्द आहे. पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा, म्हणजे 57 मिलिमीटरचा. मध्यापासून साधारण 14 मिलिमीटरच्या, म्हणजे अर्ध्या त्रिज्येच्या पलीकडे गेलात की चॉक लावा नाहीतर गंध लावा, टिप घसरणारच.

लावायची रीत सोपी आहे. चॉक चिमटीत धरून काजळाची रेघ ओढावी तसा टिपेच्या कडेवरून हलक्या हाताने न्यायचा. स्टिक थोडी फिरवायची, पुन्हा एक रेघ. असे पाच-सहा हात. मग टिप दिव्याखाली धरून बघायची, कुठे चामडं चमकतंय का. चमकलं तिथे अजून एक हात, बस्स. हे सगळं टेबलापासून एक पाऊल मागे सरकून, कापडावर वाकून नव्हे. चॉक परत ठेवताना निळं तोंड वर. खाली करून ठेवला तर लाकडावर निळा चौकोन उमटतो आणि पुढचा खेळणारा त्यावर कोपर टेकवून पांढऱ्या शर्टाची होळी करून घेतो. आणि चॉक शॉटच्या आधी लावायचा. अर्ध्याहून जास्त मंडळी शॉट चुकल्यावर लावतात आणि टिपेकडे असं बघतात, जणू पॉकेटाचा रस्ता तीच विसरली. टेबल तासावर घेतलं असेल तर हे घुसळणं आटोपशीर असतं. फ्रेमवर घेतलं असेल, आणि त्यात हरणाऱ्याने पैसे द्यायचे ठरलं असेल, तर लोणी निघेपर्यंत चालतं.

खरं म्हणजे चॉक हा खडू नव्हेच. 1897 साली शिकागोत विल्यम स्पिंक्स हा बिलियर्ड्सपटू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ, अशा दोघा विल्यमांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यात खडू नाही. सिलिका आहे आणि कुरुंद आहे. कुरुंद म्हणजे आपला धार लावायचा दगड, सहाणवाल्याच्या चाकात असतो तोच. इंग्रजांनी तो शब्दसुद्धा इथूनच, तमिळमधून उचलला. काठिण्याच्या मापावर हिरा 10 आणि कुरुंद 9. माणिक आणि नीलम हे त्याचेच श्रीमंत भाऊ. म्हणजे शंभर-दीडशे खेळाडूंच्या घामट हातांतून फिरणाऱ्या या निळ्या ठोकळ्यात नीलमच्या गरीब नातेवाइकाची भुकटी असते. टिप आणि बॉल एकमेकांना भेटतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात टिपेने बॉल पकडून ठेवायचा म्हणजे असंच काहीतरी खरखरीत लागणार. नरम खडूचं ते काम नाही.

तरी पाटी आणि खडू ही जोडी इथे आहेच. हिरव्या कापडाखाली काय असतं? स्लेट. शाळेत दप्तरात घालून नेत होतो तोच पाटीचा दगड, फक्त चांगला एक इंच जाडीचा आणि तीन तुकड्यांत. सांधे मेण किंवा लांबी भरून सपाट केलेले. स्नूकर हा याच जातीचा दुसरा खेळ, त्याच्या मोठ्या टेबलाला पाच तुकडे आणि जाडी जवळजवळ दुप्पट. पाटी पुसायला ओलं फडकं असायचं, नाहीतर थुंकी. या पाटीला दोन्ही वर्ज्य.

आणि घरोघरी होता तो कॅरम. तिथे बोरिक पावडर. रामबागेतल्या कुठल्याही वाड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅरम मांडला की आधी पावडरीवरून भांडण: किती टाकायची, कोणी फुंकायची, राणीजवळ ढीग कोणी केला. तिथे सगळी खटपट सोंगटी घसरावी म्हणून. इथे सगळी खटपट टिप घसरू नये म्हणून. कॅरमवर हात बसलेली मंडळी पूलवर आली की कोन पटकन ओळखतात, हे मान्य. पण बोटात स्ट्रायकरची टिचकी मुरलेली असते. मनगट मोकळं राहत नाही, आणि चॉक ते पावडरीसारखाच वापरतात. सढळ हाताने.

सढळ हाताने लावलेला चॉक जातो कुठे? थोडा पँटवर, थोडा नाकात, बाकीचा कापडावर. तिथून तो बॉलवर चढतो. एखादा कण नेमका दोन बॉलांच्या मध्ये आला की घर्षण क्षणभर वाढतं आणि समोरचा बॉल कापलेल्या कोनात न जाता जाडसर, म्हणजे सरळ रेषेकडे झुकून, जातो. कधी दोघेही कापडावरून जरासे उडतात. याला किक म्हणतात. टीव्हीवर पांढरे हातमोजे घातलेला रेफरी येऊन बॉल पुसून देतो. पार्लरमध्ये "भिया, किक लगी" म्हणायचं आणि समोरच्याने "हो, हो" म्हणून हसायचं. दहातल्या नऊ वेळा किक लागलेली नसतेच, पण ती एक वेळ खरी असते.

म्हणून ब्रश. स्नूकरच्या कापडाला लव असते, आणि ती बॉककडून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या बॉलच्या टोकाकडे झोपलेली असते. ब्रश त्याच दिशेने, एका रेषेत, शेवटपर्यंत न्यायचा. मध्येच उलटा फिरवला की लव उभी राहते, आणि हळू मारलेला बॉल मधल्या पॉकेटाशी येऊन तोंड फिरवतो. इस्त्री ब्रशनंतर, तीही त्याच दिशेने आणि कुठेही न थांबता. आधी वर्तमानपत्रावर फिरवून बघायची. कागद पिवळा पडला तर कापडाचं काय होईल ते कळतं. ब्रश न करता थेट इस्त्री केली तर चॉकची धूळ धाग्यात कायमची बसते. मग टेबलावर निळसर नकाशे दिसू लागतात, ते कापड बदलेपर्यंत जात नाहीत. पूलचं चांगलं कापड बिनलवेचं असतं. त्याला इस्त्री नको, ब्रश मात्र हवाच. पावसाळ्यात कापड दमट होऊन बॉल जड चालतात आणि सगळे टेबलाला शिव्या देतात, त्यातली निम्मी कर्तबगारी या साठलेल्या भुकटीची. 2017 पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या या गावात सराफ्यातली खाऊगल्ली पहाटेपर्यंत धुऊन निघते आणि पूलचं टेबल आठवड्यात एकदा पुसलं तर पुसलं.

"पूल खेळायला जातो" म्हटलं की इथल्या मराठी घरात अजूनही कोणीतरी विचारतं, "कुठल्या पुलावर?" कृष्णपुऱ्याच्या, असं सांगावंसं वाटतं. गंमत अशी की खेळताना डाव्या हाताची बोटं कापडावर पसरून स्टिकसाठी जी खोबण करतात तिलाही ब्रिजच म्हणतात. पूल खेळताना पूल बांधावा लागतो, हे एकदा आजीला पटलं की पुढचं सोपं जातं. मग उरतो अब्रूचा प्रश्न. यशवंत क्लबात खेळलं तर खेळ, तळघरात खेळलं तर टवाळकी. स्नूकर जन्मला याच राज्यात, जबलपूरला, 1875 साली, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने टेबलावर रंगीत बॉल वाढवले, आणि नवशिक्या कॅडेटला चिडवायचा शब्द खेळाला चिकटला. तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि साहेबांना दुसरा उद्योग नव्हता. आजच्या भाषेत टवाळकीच की ती!

क्लबांतली जुनी माणसं अजून बिलियर्ड्सच्या आठवणीने सुस्कारतात. तीन बॉल, आणि पांढरा दुसऱ्या बॉलला लागून पॉकेटात गेला तर दंड नाही, उलट गुण. लाल बॉलला लागून गेला तर 3. त्याच पांढऱ्यावर पूलमध्ये आपण कपाळाला हात लावतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्याला याच खेळात हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले. क्लबात गुण मांडायला मार्कर असे. तो बोर्डावरचा काटा सरकवी, बॉल पुसून जागेवर ठेवी, आणि कोणी चॉकमध्ये विहीर खणायला लागला की नुसता त्याच्याकडे बघे. त्या बघण्याची भीती असे. तळघरातला काउंटरवरचा मुलगा मोबाइलकडे बघतो.

पण आता खरं सांगायला हरकत नाही. विहिरीचा सगळा दोष खणणाऱ्याचा नाही. पार्लरची स्टिक उचला आणि टिपेवर नख फिरवा. काचेसारखी लागते. हजारो ठोके खाऊन चामडं दबून गुळगुळीत झालेलं असतं आणि त्यावर चॉक ठरतच नाही. माणूस बिचारा रेघ ओढून बघतो, रंग चढत नाही, मग घुसळतो. उपाय दोन मिनिटांचा आहे. जाड सँडपेपरने टिपेचं डोकं नुसतं टोचून खरखरीत करायचं आणि गोलाई साधारण रुपयाच्या नाण्याच्या काठाइतकी राखायची. चामडं फेरूलच्या अगदी जवळ आलं असेल तर टिप बदलायची: जुनी ब्लेडने काढायची, फेरूलचं तोंड आणि नव्या टिपेची पाठ सपाट काचेवर ठेवलेल्या सँडपेपरवर घासायची, जेल फेविक्विकसारख्या गोंदाचा एक थेंब, आणि एक मिनिट गच्च दाब. दोन थेंब टाकले तर गोंद चामड्यात चढतो आणि नवी टिप पहिल्या दिवसापासून दगड होते. पाठ सपाट नसली तर एका बाजूला फट राहते आणि मारताना ठप्प असा आवाज न येता टक येतो. तो टक एकदा कानात बसला की तुम्ही दुसरं काही ऐकू शकत नाही. मग स्टिक उलटी करून टिप पाटावर टेकवायची, बाहेर आलेली कड फेरूलच्या रेषेत कापायची, ओल्या चामड्याने घासून बाजू घट्ट करायची. तरीही आठवड्याभरात ती अळंबीसारखी फुगणार. तेव्हा पुन्हा एकदा कापायची.

हे सगळं करायला लागतात वीस मिनिटं आणि एका सामोशाच्या किमतीचा सँडपेपर. कोण करतो?

तो विहीरवाला चॉक मात्र आता बाद झाला. पाचही बाजूंनी कागद, उलटा करून वापरायची सोय नाही. कचरागाडीला इथे ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा कप्पे आहेत. चॉक कशात टाकायचा ते कळेना, म्हणून तो परत काठावर ठेवला. निळं तोंड वर.