अंद्रेट्यालाच का जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. "हिमाचलला जाऊन शिमला-मनाली सोडून त्या अंद्रेट्यात काय करता? तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?" पुण्यात सुट्ट्यांचे बेत सुरू झाले की हा प्रश्न मला हमखास येतो.

बघण्यासारखं म्हणाल तर धौलाधारची पर्वतरांग आहेच. कांगडा खोऱ्यात, पालमपूरजवळ हे छोटंसं गाव आहे. शेतं, बांबूची बेटं आणि मागे एकदम उठलेली बर्फाची रांग. सह्याद्रीची सवय झालेल्या डोळ्यांना एवढ्या उंचावर डोंगर असेल हे आधी पटतच नाही. पण डोंगर हिमाचलात कुठेही दिसतात. मी जाते ती नोरा रिचर्ड्स यांच्यासाठी.

नोराबाई मूळच्या आयर्लंडच्या, अभिनेत्री. त्यांचे पती लाहोरच्या दयालसिंग कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. तिथल्या मुलांच्या त्या मागेच लागल्या, की आपल्या माणसांवर, आपल्या बोलीत लिहा. ईश्वरचंद्र नंदा हे त्यांचे विद्यार्थी. आधुनिक पंजाबी नाटकाची सुरुवात त्यांच्यापासून मानतात. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांना भरत नाट्य मंदिरात जाऊन बसणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. पती गेल्यावर पुढे नोराबाई अंद्रेट्यात स्थायिक झाल्या. मातीच्या भिंती आणि वर स्लेटचं छप्पर, अशा घरात राहिल्या. आवारात खुला रंगमंच केला आणि विद्यार्थ्यांबरोबर गावकऱ्यांनाही नाटकात उभं केलं. १९७१ मध्ये गेल्या, तोवर मुक्काम तिथेच. परक्या मुलखात येऊन तिथल्या लोकांना त्यांच्याच भाषेची गोडी लावणारी ही बाई मला फार मोठी वाटते.

त्यांच्यामागे आणखी कलावंत आले. चित्रकार-शिल्पकार भबेशचंद्र सान्याल आले. फाळणीनंतर चित्रकार सोभा सिंग आले आणि तिथलेच झाले. आशीर्वादाचा हात उंचावलेलं गुरू नानकांचं चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या दुकानात पाहिलं असेलच, ते त्यांचं. त्यांच्या चित्रांचं दालन गावातच आहे.

आणि अंद्रेटा पॉटरी! दिल्लीचे नामवंत कुंभकार गुरचरण सिंग यांच्या मुलाने आणि सुनेने ती १९८३ मध्ये सुरू केली. तिथे मी तासन् तास बसते. लाल मातीच्या ओल्या ताटलीवर कारागीर पांढऱ्या मातीचा पातळ घोळ बारीक तोटीतून सोडतो. ताटली फिरते, हात जवळजवळ स्थिर असतो, आणि रेघ मात्र कुठे तुटत नाही. मग त्यावर झिलई, मग भट्टी.

पालमपूरहून अर्ध्या दिवसात 'उरकून' येणारे खूप आहेत. तसं करू नका, निदान दोन रात्री राहा. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने पठाणकोट गाठा आणि पुढे रस्त्याने जा. जुलै-ऑगस्ट टाळा, तिकडे पाऊस कोसळतो. मार्च-एप्रिल उत्तम. नाटक करणारी मुलं घरात असतील तर त्यांना आधी न्या.