सबटायटल दिसत नाहीत? आधी फाइल उघडून बघा

ऐकू कमी येणाऱ्या आईसाठी मी सिनेमांना मराठी सबटायटल जुळवायला लागले, तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतो: ‘फाइल उतरवलीय, पण मराठीच्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं येतात. काय करू?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एसआरटी, म्हणजे सबटायटलची फाइल, ही साधी मजकुराची फाइल आहे, ती नोटपॅडमध्ये उघडा. आधी क्रमांक, खाली ००:०२:१७,४४० अशी वेळ, बाण, संपायची वेळ, मग वाक्य आणि एक रिकामी ओळ. बस, एवढंच.

तिथे मराठी नीट वाचता येत असेल तर दोष प्लेअरचा. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये जाऊन एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या सबटायटल सेटिंगमध्येही तेच ठेवा आणि फाँट निर्मला यूआय किंवा नोटो सॅन्स देवनागरी द्या. चौकोन बहुतेक वेळा फाँटमुळेच येतात. पण नोटपॅडमध्येसुद्धा नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर कुणीतरी ती फाइल एएनएसआय या मराठी अक्षरं न मावणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये जतन केलेली असते. त्यातली अक्षरं कायमची गेली. तिच्यावर रात्र घालवू नका, दुसरी फाइल शोधा.

काहीच दिसत नसेल तर नाव तपासा. फाइलचं नाव व्हिडिओसारखंच हवं. विंडोज नावाची शेपटी (टिंबानंतरचा भाग) लपवतं, त्यामुळे एसआरटीच्या पुढे टीएक्सटी चिकटलेलं कळत नाही.

वाक्यं मागेपुढे होत असतील तर विंडोजवरच्या व्हीएलसीत ‘G’ ही कळ दाबल्यावर ती ५० मिलिसेकंद लवकर येतात, ‘H’ दाबल्यावर उशिरा. मात्र सुरुवातीला जुळलेली वाक्यं तासाभरात अडीच मिनिटं मागे पडली, तर या कळा कामाच्या नाहीत. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा (चित्रांचा) आणि फाइल २३.९७६ फ्रेमच्या व्हिडिओसाठी केलेली, असा तो प्रकार. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदला, सगळं एका दमात जुळतं.

सगळ्यात चिवट गोष्ट टीव्हीची. पेनड्राइव्हवरून लावलं की काही टीव्ही ‘किती’मधली वेलांटी क-च्या नंतर टाकतात, जोडाक्षरं फोडतात. म्हाताऱ्या माणसाला ते वाचणं फार त्रासाचं होतं, आणि सेटिंग बदलून काही होत नाही. अशा वेळी मी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करायच्या प्रोग्रॅममध्ये ‘बर्न इन’ निवडून अक्षरं चित्रातच उमटवते. वेळ लागतो, नंतर ती बंदही करता येत नाहीत, पण कुठल्याही टीव्हीवर वेलांटी जागच्या जागी राहते.