गंध पुसट ठेवलेले तुकोबा

कोल्हापूरजवळ मोरेवाडीच्या चित्रनगरीत तुकोबांवरच्या मालिकेचं शूटिंग होतं, रंगभूषा माझ्याकडे. त्या दिवशी सीन होता तुकोबांची पहिली बायको रखुमाबाई यांच्या मृत्यूचा, 1630 च्या सुमाराच्या दुष्काळातला. सकाळीच निर्मात्यांचा निरोप आला : महाराजांचं गंध ठसठशीत हवं, चेहऱ्यावर तेज हवं. मी सरळ नाही म्हटलं. दुकान बुडालेला, ज्याला कुणी दारातही उभं करत नाही असा हा देहूचा तरुण वाणी, त्याला तेज कुठून आणू? गळ्यात माळ ठेवली, वारी त्यांच्या घराण्यातच होती. गंध मात्र पुसट केलं, ओठांना सालपटं काढली, डोळ्यांखाली काळपट छटा दिली.

पहिला टेक ग्लिसरीन घालून झाला. नुसता हंबरडा. दुसऱ्यात नट एकदम स्थितप्रज्ञ. जमेना. दिग्दर्शक हताश होऊन मेकअपरूममध्ये येऊन बसले. गाथा माझ्या पेटीतच असते. तुकोबांनी स्वतःची हकीकत सांगितलेला अभंग काढून दिला : ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥ लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें ।’

नट इथलाच, करवीर तालुक्यातला. म्हणाला, “दादा, ह्यो माणूस रडत न्हाई वो. ह्यो लाजलाय.”

पुढच्या टेकला त्यानं बायकोकडे पाहिलंच नाही. रिकामं पोतं उलटं केलं, शिवणीत बोटं घालून दाणा शोधला. शेजारी दारात आले तसं धान्याचं माप हळूच धोतराखाली सरकवलं. वाण्याचीच बायको उपाशी गेली, ते माप गावानं बघू नये! कट म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

‘संत असे दाखवले तर लोक दुखावतील,’ असं निर्मात्यांच्या माणसाचं म्हणणं. हे कोल्हापुरात ऐकावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं. ‘प्रभात’ फिल्म कंपनी 1929 साली इथेच जन्मली. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल इथे चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले. पुढे पुण्यात त्यांनी केलेल्या 1936 च्या ‘संत तुकारामा’त त्यांची दुसरी बायको जिजाई पोरांसाठी नवऱ्याशी भांडते, विठोबालाही सोडत नाही. त्यानं तुकोबांचं संतपण तसूभर उणावलं नाही. उपाशी घरातून साधनेसाठी भामचंद्राच्या डोंगराकडे निघालेला माणूस दिसलाच नाही, तर त्याचं पुढचं भजन कुणाच्या काळजाला भिडणार?

दिग्दर्शक हटले नाहीत. टेक राहिला. डोंगरावरच्या सीनपर्यंत गंध पुसटच ठेवायचं ठरलं, कंटिन्यूइटीच्या वहीत तशी नोंद झाली.