रकाना क्रमांक दहा

2011 च्या जनगणनेत माझ्या वाट्याला बेळगावच्या शहापूरमधला ब्लॉक आला होता. मी मराठी शाळेत शिकवत होते, हातात पडलेले फॉर्म मात्र कन्नडमधले. त्याचं मला काही वाटलं नाही. बेळगावात जन्म काढून कन्नड वाचता येत नाही असं सांगणारा माणूस एक तर नवा असतो, नाही तर रागावलेला असतो.

माणसामागे 29 प्रश्न. नाव, वय, लग्न, शिक्षण, कामधंदा हे भराभर व्हायचं. धर्माच्या रकान्यात नाव लिहून पुढं ठरलेला आकडा टाकायचा. गाडी अडायची ती दहाव्या रकान्यात. तिथं मातृभाषा लिहायची होती.

बाकी ठिकाणी हा प्रश्न कुणाच्या लक्षातही राहत नसेल. आमच्याकडं त्याच्यावर कोर्टात दावा चालू आहे. 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालानं निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यायला सांगितलं आणि बेळगाव शहर तिकडंच ठेवलं. महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. महाराष्ट्राचं म्हणणं, खेडं हा घटक धरा आणि तिथं कुठली भाषा बोलणारे जास्त ते बघा. आता ते बघायचं कशात? जनगणनेत. त्यामुळं बेळगावात फॉर्म घेऊन दारात उभं राहिलं की लोक दहाव्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, मत देतात. कन्नड माणूसही देतो, मराठी माणूसही देतो. फॉर्ममध्ये डोकावून 'नीट लिहिलायसा न्हवं?' असं विचारणारे दोन्हीकडं भेटले.

खरं तर नियम अगदी साधा आहे. लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलत होती ती तुमची मातृभाषा. आई तान्हेपणीच गेली असेल तर त्या वेळी घरात मुख्यतः बोलली जायची ती. घरातल्या प्रत्येकाची वेगळी विचारायची, कुटुंबप्रमुखाची सगळ्यांना चिकटवायची नाही. आणि ज्याला अजून बोलता येत नाही अशा बाळाची, त्याची आई बोलते ती. जात, आडनाव, राज्य, शाळा यांचा संबंध नाही. प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा सगळे माना डोलावत होते, कारण पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना कुणालाच नव्हती.

शहापूर मुळात सांगली संस्थानाचं. त्याच्या आणि बेळगावच्या मधे एके काळी राज्याची हद्द होती हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. विणकरांची, सराफांची वस्ती. माझ्या ब्लॉकमध्ये एकाला लागून एक अशी घरं होती की धर्म, जात, भाषा यांचा हिशोब प्रत्येक उंबऱ्याला नव्यानं मांडावा लागे. मराठा घरं होती, मागं माग चालवणारे कन्नड बोलणारे विणकर, कोपऱ्यावर दुकानाच्या माळ्यावर राहणारं मारवाडी कुटुंब, कोकणी बोलणारे सारस्वत, घरात उर्दू आणि बाजारात फर्मास मराठी बोलणारे टेलर. एका लिंगायत काकांनी धर्माच्या रकान्यात 'लिंगायतच लिहा, दुसरं काही नको' म्हणून सांगितलं. सांगितलं तसं लिहायचं हा नियम असल्यामुळं तिथं वाद झाला नाही. चहा झाला.

वाद झाला तो त्यानंतरच्या घरात. कुटुंबप्रमुख आजोबा, कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी दर 17 जानेवारीला हुतात्मा चौकात हजर असणाऱ्यांपैकी. त्यांची ओळ झाली, आजींची झाली, मुलाची झाली. सगळं मराठी. सून पाळण्याची दोरी हलवत दारात बसली होती. ती बैलहोंगलकडची.

"तुमची मातृभाषा?"

"कन्नड री," ती म्हणाली. आजोबा गप्प. सुनेचं ठीक आहे, माहेर तिचं आहे, असा चेहरा.

मग पाळण्यातल्याची ओळ. मी नियम सांगितला तसे आजोबा खुर्चीतून पुढं झाले.

"काय लिहूलालायसा, बाई? नातू कुणाचा?"

"आजोबा, बाळाची आई बोलते ती भाषा लिहायची आहे."

"कुठं लिहिलंय?"

मी सूचनांची पुस्तिका काढली. तीही कन्नडच. आजोबांनी चष्मा लावला, पान शोधलं आणि परिच्छेद मोठ्यानं, थांबे घेत, एकाही जोडाक्षराला न अडखळता वाचून काढला. पस्तीसेक वर्षं कोर्टाचे कागद वाचलेला माणूस, त्याला काय अवघड? वाचून झाल्यावर पुस्तिका मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. माझी नजर मात्र त्यांच्याच ओळीवर गेली. अकरावा रकाना असतो येणाऱ्या इतर भाषांचा, दोन लिहिता येतात. आजोबांनी तिथं मला हिंदी आणि इंग्रजी सांगितलं होतं.

"आजोबा, कन्नड?"

"न्हाई येत."

खोटं म्हणावं तर त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा अजिबात नव्हता. त्यांच्या लेखी तो प्रश्न येण्या-न येण्याचा नव्हताच. मी हिंदी-इंग्रजीवर पेन फिरवलं नाही. सांगेल ते लिहायचं, हाच नियम मघाशी लिंगायत काकांना लावला होता.

बाळाची ओळ राहिली. मी सुनेकडं बघून विचारलं, "तू याच्याशी काय बोलतेस?"

आजी म्हणाल्या, "दोन्ही बोलते की." हे उत्तर फॉर्मला चालत नाही. नवरा मोबाईलमध्ये मान घालून होता, त्याच्याकडून काही मदत होईलसं दिसत नव्हतं. ती मिनिटभर दोरी हलवत राहिली. मग स्वच्छ मराठीत, सासऱ्यांकडं बघत म्हणाली, "मामा, तुमच्यासमोर मराठी बोलतो मी. रात्री झोपवताना कन्नडच येतं तोंडात."

ती 'बोलतो' म्हणाली. इकडच्या मुली म्हणतात तसं. बैलहोंगलची पोर, पण मराठी अस्सल बेळगावची. माझ्या शाळेतल्या पोरी असंच बोलतात आणि पुण्याहून आलेले पाहुणे त्यांना दुरुस्त करत बसतात.

आजोबांनी बराच वेळ पाळण्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "लिहा. खरं शाळेला मराठीच जाणार तो, आत्ताच सांगतो." आणि सुनेला, "ऐकलंस काय?" ती हसली. मी कन्नड लिहिलं. निघताना आजींनी हातावर कुंदा ठेवला. शाळेचं आश्वासन बहुधा माझ्याकडून घेतल्यासारखं त्यांना वाटत असावं.

दुपारनंतर गल्लीच्या टोकाला मागच्या खोलीत एक भाडेकरू कुटुंब होतं. शेजारच्या बाईंनी मला आधीच अडवलं. "तिथं कशाला जातायसा? ती परदेशी पोरं हायत, कॉलेजची." परदेशी असले तरी मोजायचेच असतात, म्हणून गेले. दार उघडलं ते खानापूर तालुक्यातल्या एका सिद्दी गवंड्यानं. पोर्तुगिजांनी शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे वंशज. त्यातले बरेच पळून घाटाच्या जंगलात आले आणि खानापूर, हल्याळ, यल्लापूर या पट्ट्यात राहिले. शेजारणीचं सासर गोव्याहून येऊन इथं तीन पिढ्या झालेलं, आणि परदेशी कोण, तर हे.

मातृभाषा विचारली. नवरा-बायको दोघंही एका दमात 'कोंकणी' म्हणाले. इतर भाषा मराठी, कन्नड. सबंध दिवसात या रकान्यावर कुणीही इतक्या सहज उत्तर दिलं नव्हतं. कुणाची बाजू राखायची नव्हती त्यांना.

इथं अडलं ते दुसरंच. आठवा रकाना अनुसूचित जाती-जमातींचा. बायको हल्याळची, म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातली. "आमी एसटी," ती म्हणाली आणि माहेरच्या भावाला मिळालेल्या दाखल्याचं सांगू लागली. माझ्याजवळच्या यादीत सिद्दी होते, पण नावापुढं कंसात उत्तर कन्नड जिल्हा. 2003 पासून यादीत आलेत ते असेच, एका जिल्ह्यापुरते. हल्याळ आणि खानापूर एकमेकाला लागून आहेत, जंगल एकच. जमात मात्र हद्दीशी संपत होती. नवऱ्याला हे ठाऊक होतं. "असू दे बाई, तुमचा काय दोष," म्हणाला. मी सुपरवायझरना फोन लावला. यादीप्रमाणे करा, म्हणाले. केलं. बेळगाव-महाराष्ट्र सीमेवर एवढं बोललं जातं, या दुसऱ्या सीमेबद्दल माझ्या गल्लीत कुणाला पत्ताही नव्हता, मलाही नव्हता.

भाषेचे आकडे 2018 ला बाहेर आले. बेळगाव जिल्ह्यात कन्नड साधारण 68 टक्के, मराठी 19 च्या आसपास, उर्दू 10 च्या जवळ. लगेच नेहमीचं सुरू झालं. एक बाजू जिल्ह्याचा आकडा पुढं करते, कारण त्यात गोकाक, सौंदत्ती, अथणी, रायबाग हे कन्नडबहुल तालुके सगळे येतात. दुसरी म्हणते जिल्हा नको, खेडं खेडं मोजा, आणि 1951 पासून मोजा. दोघांचेही आकडे खरे असतात. चौकट कुणी आखली, एवढाच फरक.

सिद्दींचं नाव 2020 च्या कायद्यानं बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांसाठीही यादीत गेलं. 2027 च्या फेब्रुवारीत पुन्हा गणती आहे, या वेळी सगळ्यांची जातही विचारणार. माझी निवृत्ती झाली आहे. शाळेतल्या तरुण बाईंना ड्यूटी लागण्याची धास्ती आहे, त्या मला विचारतात, कुठल्या रकान्याला जास्त त्रास होतो. मी त्यांना सांगते, चहा घेत जा आणि बाळाची ओळ शेवटी भरा.