आठवीचं प्रॅक्टिकल आणि गल्लीभरचे ओटीपी

आमची शाळा जिल्हा परिषदेची, मराठवाड्यातली, आठवीपर्यंत. संगणक कक्ष आहे म्हणजे दारावर पाटी आहे, आतल्या मशिनी एक-दोन सोडल्या तर सुरूच होत नाहीत आणि युपीएसची बॅटरी कधीच मेलीये, लाइट गेली की पोरांनी टाइप केलेलं सगळं गायब. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, संगणकांचा आकडा मात्र भरावा लागतो, तो भरतो. तर अशा ठिकाणी पोरांना टेक्नॉलॉजी किती येते हे तपासायचं कसं, तर आजवर कागदावर. सीपीयूचं पूर्ण रूप लिहा, इनपुट साधनं सांगा, जोड्या लावा. पोरं पाठ करतात, मार्क पडतात, आणि आम्ही वर्णनात्मक नोंदीत 'संगणकाचे भाग ओळखते' असं लिहून मोकळे. ती नोंद कुठल्या पुस्तिकेतून उतरवलेली असते हे सगळ्या मास्तर लोकांना माहितीये, जास्त बोलत नाही.

यंदा म्हटलं पेपर बाजूला ठेवू आणि हातात फोन देऊ. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या तपासणीत, प्रात्यक्षिक हे तंत्र २०१० पासून आहेच, वापरत कोण नाही एवढंच. कल्पना माझी नाही, खेड्यांतल्या पोरांच्या शिक्षणाचं सर्वेक्षण करणाऱ्या 'असर'वाल्यांची. त्यांनी २०२४ च्या सर्वेक्षणात खेड्यापाड्यांतल्या १४ ते १६ वयाच्या पोरांना अलार्म लावायला, माहिती शोधायला आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ शोधून पाठवायला सांगितलं होतं. फोन वापरता येतो म्हणणारे ८२ टक्के निघाले, आणि त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासाला घेतला होता, सोशल मीडियाला ७६ टक्क्यांनी. माझ्या वर्गाकडे बघून हा आकडा पटतो.

फोन गोळा केले, माझा, बाईंचा, काही पालकांचे. अलार्म वगैरे पोरांनी चुटकीसरशी लावले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मग दिलं, शाळा सोडल्याचा दाखला हरवला तर काय करायचं ते शोधा. एक पोरगा, ज्याला अजून सलग वाचता येत नाही, त्यानं सरळ माइकचं बटण दाबून प्रश्न बोलला आणि आलेलं उत्तर फोनलाच वाचून दाखवायला लावलं. उत्तर बरोबर. आता याला काय द्यायचं? मी पूर्ण गुण दिले, बाई म्हणाल्या सर तुम्ही वाचनाचा प्रश्नच पुसून टाकताय. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण मी तपासत होतो शोधायला येतं का, आणि ते त्याला येत होतं. 'माहिती कुठून घेतली' या रकान्यात मात्र झाडून सगळ्यांनी एकच लिहिलं, गुगल. गुगलनं कुठून आणली हे विचारल्यावर वर्ग माझ्याकडे बघत बसला.

शेवटचा प्रश्न मी स्वतः तयार केला होता. फळ्यावर लाडकी बहीणच्या केवायसीचे दोन पत्ते लिहिले, एकाच्या शेवटी गव्ह डॉट इन, दुसरा मी बनवलेला खोटा, डॉट कॉमवाला. फोनवर सगळ्यात फास्ट बोटं चालणारी पोरं खोट्यावर गेली, का तर तो छोटा होता. एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, म्हणाली, "सर, डॉट कॉम नाही चालत, सरकारचं गव्ह डॉट इन असतंय." तुला कसं माहीत? "मीच करते की सगळ्यांचं."

२०२५ च्या सप्टेंबरात केवायसी सक्तीची झाली तेव्हापासून गल्लीतल्या काकू-मावश्या हिच्याकडे रांग लावून. घरच्या शेताची ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद, पण हीच करते, गट नंबर निवडून बांधावर उभी राहून पिकाचा फोटो काढते. केवायसीत एक वाक्य होतं, घरातलं कोणी सरकारी नोकरीत नाही अशा अर्थाचं, आणि खाली होय की नाही. बायका वाचायच्या, नोकरीत नाही ना, मग दाबायच्या 'नाही'. झालं, अर्थ उलटा, कितीतरी जणींचे पैसे यातच अडकले. ही म्हणते, "सर, वाक्यातच नाही लिहिलंय, म्हणून होय दाबायचं." मी फोन चालवायला येतो का ते बघत होतो, आणि ही पोरगी अख्ख्या गल्लीच्या वतीनं वाक्य वाचत होती. माझ्या प्रॅक्टिकलमध्ये याला मार्कच नव्हते.

मग तिनंच विचारलं, "तुम्ही शिकवलंय ओटीपी कोणाला सांगायचा नाही. मग मी रोज लोकांचे घेते, ते चूक आहे का?" केवायसीला बाईच्या आधारचा ओटीपी लागतो, वर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा लागतो, म्हणजे एका घराचे दोन-दोन ओटीपी तेरा वर्षांच्या मुलीकडे. सायबर सुरक्षेचं पोस्टर आमच्या भिंतीवर आहे, त्यात याचं उत्तर नाही. पालक सभेत विषय काढला तर एक मावशी म्हणाल्या, "मग काय सेतूवर जाऊन दिवसाची मजुरी बुडवू आणि वर पैसे देऊ? आपलीच पोरगी आहे ती."

गुण कुठे टाकायचे म्हणून मुख्याध्यापकांना विचारलं, ते म्हणाले कार्यानुभवात टाका, तिथं कोणी विचारत नाही. टाकले. पुढच्या सत्राला असल्या उलट्या वाक्यांचा छापील फॉर्म वर्गाला देणार आहे, आणि त्याला मार्कही ठेवणार आहे. मुलीशी बोलून एवढं ठरवलं की ओटीपी विचारायचा नाही, फोन त्या बाईच्या हातात द्यायचा, आकडे तिनंच टाकायचे. बऱ्याच जणींचं जमतंय. ज्यांना आकडेच वाचता येत नाहीत अशा दोघी-तिघी म्हाताऱ्या आहेत, त्या अजूनही फोन तिच्यापुढे धरतात आणि ती टाकते.