सभासद क्रमांक ४१२

गेले तीन आठवडे एक इंग्रजी कादंबरी वाचत होते. तीन आठवडे लागले कारण माझं इंग्रजी ग्रंथालयाच्या परीक्षेपुरतं. भाची अटलांटाहून येताना घेऊन आली. म्हणाली, "आत्या, यात तुझ्यासारखीच बाई आहे."

तुझ्यासारखी म्हणजे बुटकी, चष्मेवाली आणि गावातल्या वाचनालयात नोकरीला. तिचं वय २८ आहे आणि तिच्या मागेपुढे एक पोलीस नि एक रहस्यकथालेखक घुटमळत असतात, हे भाचीने सांगितलं नाही.

शार्लेन हॅरिस यांची 'रिअल मर्डर्स', १९९० ची. (पुढे याच बाईंच्या रक्तपिशाच्चांच्या कादंबऱ्यांवरून 'ट्रू ब्लड' ही मालिका निघाली. इथे मात्र पिशाच्चं नाहीत.) जॉर्जिया राज्यातलं लॉरेन्सटन नावाचं काल्पनिक छोटं गाव. नायिका ऑरोरा टीगार्डन, सगळे तिला रो म्हणतात. आई घरं विकायचा धंदा करते आणि लेकीपेक्षा दसपट टापटीप आहे. गावात बारा-एक जणांचा क्लब आहे. आपल्याकडे बायका भिशीला जमतात तसे हे लोक जमतात आणि जुन्या, खऱ्या खुनांवर चर्चा करतात. त्या रात्री बोलायची पाळी रोची. विषय, वॉलेस खटला. आणि क्लबातलीच एक बाई तिथल्या स्वयंपाकघरात मेलेली सापडते, अगदी वॉलेसच्या बायकोसारखी. पुढचं सांगत नाही.

वॉलेस खटला मात्र सांगते, कारण कादंबरी बाजूला ठेवून मी दोन रात्री त्याच्याच मागे होते. लिव्हरपूल, जानेवारी १९३१. विल्यम वॉलेस हा विम्याचे हप्ते गोळा करणारा साधा माणूस, बुद्धिबळाचा शौकीन. १९ तारखेला संध्याकाळी तो बुद्धिबळाच्या क्लबात पोहोचायच्या आधी तिथे फोन येतो. निरोप : क्वालट्रॉ नावाच्या गृहस्थांना विम्याचं काम आहे, उद्या साडेसातला २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्ट इथे या. दुसऱ्या दिवशी वॉलेस ट्रॅम बदलत जातो. मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ सापडतं, साउथ सापडतं, वेस्टही सापडतं. ईस्ट नाहीच! पोलिसाला विचारतो, दुकानात विचारतो, हात हलवत परत येतो, तर पुढच्या खोलीत बायको ज्यूलिया मरून पडलेली. फोन आला होता तो वॉलेसच्या घरापासून चारपाचशे पावलांवरच्या सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यातून. ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं, फाशी सुनावली. अपिलात पुराव्याअभावी शिक्षा रद्द झाली. दोन वर्षांनी तो आजारपणात गेला. क्वालट्रॉ कोण, ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही.

नाव लिहून घेतलेलं, पत्ता लिहून घेतलेला, वेळसुद्धा. नोंद चोख. आणि माणूस कोण ते ठाऊक नाही. हे वाचून मला आमचा १७ व्या पानाचा किस्सा आठवला.

आमचं वाचनालय तालुक्याचं, ब वर्गाचं. संगणक आहे, पण मी अजून पुस्तकाच्या खिशातलं कार्ड सोडलेलं नाही. कार्डावर सभासद क्रमांक आणि तारीख. बारा-तेरा वर्षांपूर्वी रहस्यकथांच्या कपाटातल्या पुस्तकांत पान १७ वर, समासात, बारीक पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिलेलं सापडायला लागलं. "मुनीम." "धाकटा भाऊ." एकात तर "नर्स नाही. तिची बहीण." इतकं नेमकं! वाचक येऊन माझ्या टेबलावर पुस्तक आपटायचे. एकाने वर्गणी परत मागितली.

मी दहावीतल्या एका पोराला धरलं. तो जाता-येता पुस्तकांवर मिशा काढायचा, म्हणून तोच. चार लोकांत बोलले त्याला. तो रडला नाही, नुसता म्हणाला, "मी अर्नाळकर वाचतच नाही, मॅडम." (खरं होतं. तो क्रिकेटची मासिकं न्यायचा. कार्ड बघायचं मला सुचलंच नव्हतं.)

मग बघितली. एका दुपारी पंखा बंद करून, कारण कार्डं उडतात, टेबलावर अकरा पुस्तकांची कार्डं मांडली. अकराही कार्डांवर असलेला क्रमांक एकच निघाला : ४१२. दाखला काढला, तर निवृत्त गुरुजी. शुद्धलेखनाच्या चुकीबद्दल आख्ख्या गावाचे कान पिळलेले. पुस्तकात पेन्सिल चालवणारा माणूस हा नव्हेच. शिवाय ते पेपरपलीकडे काही वाचत नाहीत, हे मला वाचनकक्षात रोज दिसायचं. पण दर शनिवारी कापडी पिशवीतून रहस्यकथा नेणारे तेच.

विचारायचं धाडस होईना. संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले. तिळगूळ हातात, आणि समोर भिंतीवर कालनिर्णय. चौकटीत पेन्सिलीने लिहिलेलं : "दूध नाही." "गॅस आला." तो 'ल', दोन पाकळ्यांचा, शेवटी देठ वाकवलेला. 'नाही'तला ही वर उडालेला. नर्स नाही, तिची बहीण.

काकूंनी माझी नजर पाहिली आणि वाणाची वाटी माझ्या हातात देता देता खाली बसल्या. म्हणाल्या, "अगं, मला आठवतच नाही वाचलंय की नाही ते. पंधरा-सोळा पानं झाली की वाटतं, हे घडून गेलंय. मग सतराव्यावर लिहून ठेवते, म्हणजे परत आणलं तर तिथेच कळतं." एवढी वर्षं त्यांनी वाचनालयात पाऊल टाकलं नव्हतं. सभासद गुरुजी. वाचायच्या काकू.

माझ्या रजिस्टरात कोणी नेलं ते होतं. कोणी वाचलं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या घरी गेले आणि दारातच माफी मागितली. त्याच्या आईने चहा केला. पोरगा आतून बाहेर आलाच नाही.

म्हणूनच रोच्या कादंबरीबद्दल माझी एक तक्रार आहे. बाई हुशार आहे, घाबरते तशी धीटही आहे, खून असूनही पुस्तक कसं ऊबदार आहे, रक्तापेक्षा गावच्या भानगडी जास्त. पण ग्रंथपाल असून तिच्या देवघेवीच्या टेबलाला लेखिकेने फारसं कामच दिलेलं नाही. जुन्या खुनांची नक्कल करणाऱ्याने ते खून कुठेतरी वाचलेच असणार ना? मी असते तर आधी ड्युईच्या वर्गीकरणातल्या ३६४ च्या, म्हणजे गुन्हेगारीवरच्या पुस्तकांच्या कपाटाशी गेले असते आणि गेल्या दोन वर्षांत कोणी काय नेलं ते काढलं असतं. काढून पोलिसाला दिलं असतं का, ते मात्र सांगता येत नाही. कोण काय वाचतं हे तोंडातून काढायचं नाही, यावर मी इतकी वर्षं काढली आहेत. काकूंचं नावही मी कार्यकारिणीला कधी सांगितलं नाही. खोडरबर घेऊन अकरा पानं पुसली, एवढंच.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, गुरुजी गेले. ४१२ वर आता काकूंचं नाव आहे. डोळ्यांमुळे वाचवत नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी मी जाते आणि रोची गोष्ट मराठीत सांगते. गेल्या शनिवारी स्वयंपाकघरातल्या खुनापर्यंत आलो.

"नवऱ्यानंच मारलंय," काकू म्हणाल्या.

मी काही बोलले नाही.

"बरं, सांगू नकोस. पण सतरावं पान आलं का गं?"