खर्चवही: कैऱ्या अखेर एका दांडीत आल्या!

घरखर्चाच्या नोंदी मी एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवतो. मे महिन्याच्या आलेखात कैऱ्यांच्या दोन दांड्या येत होत्या. एक ३४० रुपयांची, दुसरी २१०ची, आणि खाली नाव अगदी तेच. काल रात्री दीडला उलगडा झाला.

लेंग्थ हे लांबी मोजणारं फंक्शन लावलं तर माझ्या लॅपटॉपवरून टाइप केलेल्या शब्दाची लांबी ६ आणि आईच्या फोनवरून आलेल्या शब्दाची ७! मग एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक काढला. माझ्याकडे थेट ऱ, म्हणजे २३५३. आईकडे साधा र (२३५२), हलन्त (२३८१) आणि मागे न दिसणारा ८२०५, म्हणजे झेडडब्ल्यूजे, अक्षरं जोडून दाखवायला सांगणारं अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच.

आधी एनएफसीवर, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असलं तर ते एका रूपात आणणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीवर, भिस्त होती. ते र आणि नुक्ता (खालचं टिंब) जोडून ऱ करतं, पण झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. मग सगळे झेडडब्ल्यूजेच उडवले. तुम्ही हे मुळीच करू नका. ताईच्या लग्नात आचाऱ्यांना दिलेले पैसे 'आचार्यांना' दिल्याची नोंद झाली! अशाने दऱ्यांचा दर्या होतो. बॅकअप होता म्हणून निभावलं.

पायथनमध्ये स्वतःचं कोलेशन, म्हणजे कोणते शब्द सारखे धरायचे याचा नियम, लिहिलं; सारखी नावं एकत्र करणारं ग्रुप बाय चोख चाललं. पण असं कोलेशन पायथनने फाइलीशी केलेल्या त्या जोडणीपुरतंच असतं, फाइलीत साठत नाही. तीच फाइल कमांड लाइनवर उघडली की एरर. शेवटी पायथनमधूनच नावं बदलून दुसऱ्या रकान्यात भरली, तेव्हा कुठे ५५०ची एकच दांडी आली. किती वेळ नुसती बघत बसलो होतो!

हे लिहिता लिहिताच सुचलं: पायथन हवंच कशाला? एसक्यूलाइटमध्ये ३.३१ या आवृत्तीपासून जनरेटेड कॉलम, म्हणजे दुसऱ्या रकान्यांवरून आपोआप भरणारे रकाने, आहेत. रिप्लेस या फंक्शनमध्ये चार(२३५२,२३८१,८२०५) च्या (हा 'चार' म्हणजे क्रमांकावरून अक्षर देणारं char फंक्शन) जागी चार(२३५३,२३८१) दिलं की काम झालं. असा रकाना आधीच्या टेबलात जोडताना व्हर्च्युअलच (वाचताना काढला जाणारा) चालतो, स्टोअर्ड (फाइलीत साठवलेला) नाही. पण त्यावर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, करता येतो. एका फाइलीत एवढं सगळं, म्हणून तर मला एसक्यूलाइट सोडवत नाही. आता लगेच हेच करतो. त्यातच अ आणि ॅ असा सुटा लिहिलेला ॲसुद्धा त्याच्या एकाच क्रमांकावर, २४१८वर, आणेन, म्हणजे ॲल्युमिनियम फॉइलही एका जागी येईल.

मूळ रकाना मात्र तसाच राहणार. आई 'मोहोरी' लिहिते, मी 'मोहरी'. त्यासाठी एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या रूपांच्या जोड्यांचं वेगळं टेबल करेन, पण तिचं लिहिणं बदलणार नाही.